डगल्याची कुळकथा

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही बांद्यास आमच्या घरीं होतों. एके दिवशीं सकाळीं शेजारीं एक पाहुणे आले. गृहस्थ मोठ्या शहरांत राहणारे, सुशिक्षित, सधन, आणि जुन्या लष्करी पोशाखांचे नामांकित संग्राहक. त्यांच्या संग्रहाविषयीं वर्तमानपत्रांतून लेख आले आहेत. अमुक डगला अस्सल कीं नक्कल, यासंबंधीं त्यांचा शब्द त्या मंडळींत अखेरचा समजतात. सैनिकांच्या घरांतून जुने कपडे, पट्टे, बिल्ले गोळा करीत ते गोव्याकडे निघाले होते, आणि वाटेंत कोणीतरी त्यांस आमच्या शेजारच्या काकींचें घर दाखविलें होतें.

काकींचें वय ऐंशींच्या पुढें. त्यांचे सासरे मराठा पलटणींत शिपाई होते. दुसऱ्या महायुद्धांत इटलींत लढून १९४६ सालीं घरीं परतले. येतांना अंगावर जो खाकी लोकरीचा आखूड डगला होता, तो या घरानें आजवर जपून ठेवला आहे. आमच्या कोंकणच्या हवेंत लोकर जपणें म्हणजे काय, हें घाटावरच्या वाचकांस सांगून कळावयाचें नाहीं. पावसाळ्याचे चार महिने येथें भिंतींनाहि घाम फुटतो. कपड्यांस बुरशी येते, कसर लागते. दरवर्षीं दसऱ्यानंतर डगला उन्हांत घालावा, डांबराच्या गोळ्या घालून पुन्हां पत्र्याच्या पेटींत ठेवावा, आणि पेटी माळ्यावर चढवावी, असा क्रम पाऊणशें वर्षें चालला आहे. २०१९ च्या ऑगस्टांत तेरेखोलचें पाणी बाजारपेठेंत शिरलें, तेव्हां खालच्या कपाटांतील घरचे सारे कागद भिजून त्यांचा लगदा झाला. त्यांतच सासऱ्यांचें पलटणींतून सुटल्याचें पत्र गेलें, पेन्शनचें पुस्तक गेलें. डगला माळ्यावर होता म्हणून वांचला.

पाहुण्यांनीं डगला हातांत घेतला, एकदां उलटासुलटा केला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "याचे कागद कोठें आहेत?"

काकी म्हणाल्या, "कागद व्हावान गेले. डगलो आसा मां समोर!"

गृहस्थ हसले. कागद नाहीं, फोटो नाहीं, कोणा अधिकाऱ्याचें नांव नाहीं. असले डगले कोणत्याहि जुन्या बाजारांत मिळतात, असें सांगून त्यांनीं पांचशें रुपये देऊं केले. काकींनीं कांहीं उत्तर न देतां डगल्याची घडी केली.

पाहुणे गेल्यावर आम्हीं तो डगला पाहावयास मागितला. अस्तरावर, आंतल्या बाजूस, धुऊन फिकट झालेल्या काळ्या शाईनें एक क्रमांक लिहिलेला होता. त्यांतील शेवटचे चार आंकडे स्पष्ट लागत होते. आणि ज्या पेटींतून डगला निघाला, तिच्या झांकणावर पांढऱ्या रंगानें शिपायाचें नांव रंगविलेलें होतें. नांवाच्या आधीं एक क्रमांक, आणि त्याचे शेवटचे चार आंकडे तेच. पाहुण्यांनीं चहा घेतांना बशी त्याच पेटीवर ठेवली होती.

या गृहस्थांस दोष देण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. ते लबाड नाहींत. पांचशें रुपयांत गरिबास फसवावें, असाहि त्यांचा हेतु नव्हता. त्यांना तो डगला खरोखरच क्षुल्लक वाटला. आमचें भांडण आहे तें एका वृत्तीशीं. वस्तु पाहण्याच्या आधीं तिची कुळकथा विचारावयाची. कुळकथा थोर निघाली तर वस्तूकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं, आणि कुळकथा नसली तर पाहण्याची इच्छा उरत नाहीं. दोन्ही पक्षीं वस्तु बिचारी न पाहिलेलीच राहते. ही वृत्ति जुन्या कपड्यांच्या शौकिनांपुरती असती, तर तिच्यावर आम्हीं वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु तिनें आतां आमच्या पदार्थसंग्रहालयांत व सरकारी समारंभांत ठाण मांडलें आहे.

आम्ही स्वतः या रोगापासून मुक्त आहों, असें मात्र कोणीं समजूं नये. कांहीं वर्षांपूर्वीं पुण्यांतील एका वयोवृद्ध व सर्वमान्य गृहस्थांकडे आम्हांस एक डगला पाहावयास मिळाला. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत कूटच्या वेढ्यांत अडकलेल्या एका मराठा सुभेदाराचा तो डगला, असें आम्हांस सांगण्यांत आलें. कूटची फौज १९१६ च्या एप्रिलच्या २९ तारखेस तुर्कांस शरण गेली. तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शरण गेलेल्या हिंदी शिपायांपैकीं किती तरी कैदेंतच मेले. हें सारें आम्हांस ठाऊक होतें, आणि ठाऊक होतें म्हणूनच त्या डगल्यास हात लावतांना आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले. अभिप्रायाच्या वहींत आम्हीं चार ओळी लिहिल्या. त्या अद्यापि तेथें आहेत. घरीं परततांना गाडींत आठवण झाली, कीं खांद्यावरच्या पितळी बिल्ल्यांत पांचाचा आंकडा होता. आणि 'पांचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' हें नांव तर या सर्व पलटणी एकत्र करून १९२२ च्या पुनर्रचनेंत दिलें गेलें! कूटच्या सुभेदाराच्या खांद्यावर तो आंकडा सहा वर्षें आधीं कोठून यावा? कदाचित् डगला जुना असेल व बिल्ला मागाहून कोणा नातवानें प्रेमानें लावला असेल. परंतु बिल्ल्यासह सारें मूळचें आहे, असें आम्हांस निक्षून सांगण्यांत आलें होतें. इतिहास शिकविण्यांत ज्याचें अर्धें आयुष्य गेलें, त्याला हा आंकडा डोळ्यांसमोर असतां दिसला नाहीं, कारण डगला दाखविणाराचें नांव डगल्यापेक्षां मोठें होतें.

लष्करी पोशाख ही बोलकी वस्तु आहे. खाकी रंग हिंदुस्थानांत प्रथम वायव्य सरहद्दीवरील 'गाइड्स' पलटणीनें १८४० नंतरच्या दशकांत घेतला. म्हणजे त्याच्या आधींच्या लढाईचा खाकी डगला कोणीं दाखविल्यास तेथेंच थांबावें. सरकारी कपड्यावर बाणाची खूण असते, आणि हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणाखालीं इंग्रजी 'आय' हें अक्षर असतें. शाहजहानपूरचा लष्करी कपड्यांचा कारखाना १९१४ सालचा. त्याच्या छापाचा डगला त्याहून जुना असूं शकत नाहीं. पॉलिएस्टरचा शोध इंग्लंडांत १९४१ सालीं लागला व तो धागा बाजारांत पसरला १९५० च्या पुढें. तेव्हां महायुद्धांतील म्हणविणाऱ्या डगल्याची शिवण त्या धाग्याची असली तर एक तर डगला नवा, नाहीं तर शिवण नवी. याच कारणासाठीं संग्राहक मंडळी अंधारांत अतिनील किरणांचा दिवा धरतात व धागा चमकतो कीं काय हें पाहतात. पण येथेंहि सावधपणा हवा. धुण्याच्या पावडरींत कपडा पांढरा दिसावा म्हणून जीं द्रव्यें घालतात, तींहि त्या दिव्याखालीं चमकतात. एखाद्या सुनेनें सासऱ्याचा खरा डगला प्रेमानें साबणाच्या पाण्यांतून काढला, तर तो बिचारा दिव्याखालीं खोटा ठरावयाचा. म्हणून एका खुणेवर निकाल देऊं नये. गुंड्या, अस्तर, शिक्का, काखेंतील घामाचे डाग, कोपरावरची झीज, कसरीचीं भोकें, हीं सारीं एकमेकांस जुळतात कीं नाहीं, तें पाहावें. कोंकणांत पाऊणशें वर्षें राहिलेल्या लोकरीस एकहि भोंक नसेल, तर आम्ही तरी तिच्यावर विश्वास ठेवणार नाहीं.

इतकें पाहावयास वेळ लागतो, आणि चूक झाली तर ती पाहणाराच्या पदरीं येते. त्याहून सोपें म्हणजे नांव विचारणें. "हा डगला कोणाच्या संग्रहांतला?" असें विचारलें, कीं काम भागलें. पहिला संग्राहक नामांकित असतो; त्याच्याकडून दुसरा घेतो, दुसऱ्याकडून तिसरा. प्रत्येक विक्रीबरोबर पावतीवर एका थोर नांवाची भर पडते, आणि प्रत्येक नांवाबरोबर किंमत चढते. चौथ्या गिऱ्हाइकास वाटतें, कीं आपल्यापूर्वीं तिघां जाणत्यांनीं या डगल्याची परीक्षा केली आहे. वस्तुतः तपासणी कोणींच केलेली नसते. दुसऱ्यानें पहिल्यावर भरंवसा टाकला, तिसऱ्यानें दुसऱ्यावर. साक्षीदार तीन दिसतात, साक्ष एकच, आणि तीहि ऐकीव. कोर्टांत ज्या साक्षीस कोणी विचारणार नाहीं, तिला दिवाणखान्यांत मखमलीवर बसवितात.

यांत आमच्या मध्यमवर्गीय सभ्यतेचाहि मोठा भाग आहे. वस्तूविषयीं शंका काढली, कीं ती दाखविणाऱ्या माणसाविषयीं काढली असें आम्ही धरून चालतों. "अण्णासाहेब खोटें सांगतील काय?" या प्रश्नानें कितीएक खोट्या वस्तु आमच्या घरांतून खऱ्या ठरल्या असतील! अण्णासाहेब खोटें सांगत नाहींत, हें आम्हांसहि कबूल आहे. परंतु प्रामाणिक मनुष्य बरोबरच असतो, हा नियम कोणीं केला? त्यांच्या वडिलांनीं त्यांस जें सांगितलें, तें त्यांनीं निष्ठेनें पुढें सांगितलें, इतकेंच त्यांच्या प्रामाणिकपणावरून सिद्ध होतें.

याचा मासला जर्मनींत १९८३ सालीं जगानें पाहिला. स्टुटगार्ट शहरांत कोनराड कुयाउ नांवाचा एक दुकानदार हिटलरच्या काळचे पोशाख, शिरस्त्राणें, बिल्ले असला माल विकीत असे. त्याची युक्ति ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शिरस्त्राण खरेंच असावयाचें, पहिल्या महायुद्धांतलें. तसलीं शिरस्त्राणें स्वस्तांत मिळत. कुयाउ त्याला फक्त एक चिठ्ठी जोडी: हें हिटलरचें. चिठ्ठी त्यानें स्वतः लिहिलेली. वस्तु खरी, कुळकथा खोटी, आणि किंमत येई ती कुळकथेची! पुढें याच मनुष्यानें हिटलरच्या रोजनिश्या म्हणून सुमारें साठ वह्या लिहिल्या, आणि 'स्टर्न' या साप्ताहिकानें त्या त्र्याण्णव लाख मार्कांस विकत घेतल्या. त्यांची कुळकथा कोणती? तर १९४५ च्या एप्रिलांत बर्लिनहून निघालेलें एक विमान ड्रेस्डेनजवळ कोसळलें, त्यांतून या वह्या वांचल्या. विमान खरोखरच कोसळलें होतें. तेवढ्या एका खऱ्या गोष्टीवर साठ खोट्या वह्या उभ्या राहिल्या. ह्यू ट्रेव्हर-रोपरसारखा नाणावलेला इंग्रज इतिहासकार प्रथमदर्शनीं त्यांस भुलला. अक्षरतज्ज्ञांनीं वह्यांतील अक्षर ताडून पाहिलें, तें ज्या नमुन्यांशीं, त्यांतले कांहीं नमुने कुयाउच्याच हातचे होते! शेवटीं सरकारी दप्तरखान्यानें कागद तपासला, तेव्हां त्यांत युद्धानंतर वापरांत आलेलें उजळ करणारें द्रव्य सांपडलें, आणि दोन आठवड्यांच्या आंत सारा डोलारा खालीं आला. कागद आधींच तपासतां आला असता. परंतु मोठ्या साप्ताहिकानें घेतलें, मोठ्या पंडितानें मान डोलावली, मग कागदास कोण विचारतो?

परक्यांची फजिती वाचतांना आपणांस गंमत वाटते. आतां घरचें पाहूं.

लंडनच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट पदार्थसंग्रहालयांत एक पोलादी वाघनख आहे. तें आणण्याविषयीं महाराष्ट्र सरकारनें ३ ऑक्टोबर १९२३ नव्हे, २०२३ रोजीं त्या संस्थेशीं करार केला (आमच्या पिढीचा हात अजून जुन्या शतकाकडे वळतो), आणि १९ जुलै २०२४ रोजीं साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत तें थाटानें मांडण्यांत आलें. तीन वर्षांच्या मुदतीनें, उसनें म्हणून. मंत्र्यांचीं भाषणें झालीं, वाद्यें वाजलीं, हजारों लोकांनीं रांगा लावल्या. अफझलखानाचा कोथळा काढणारें तेंच हें वाघनख, अशी लोकांची समजूत झाली, आणि ती समजूत दूर करण्याची घाई अधिकाऱ्यांपैकीं कोणासहि दिसली नाहीं. गंमत अशी, कीं ज्यांच्या मालकीचें तें शस्त्र, ती लंडनची संस्थाच स्वतःच्या टिपणांत स्वच्छ सांगते, कीं हेंच तें शिवाजी महाराजांनीं वापरलेलें वाघनख होय, असें पडताळून पाहतां आलेलें नाहीं. कोल्हापूरचे इतिहाससंशोधक इंद्रजित सावंत यांनीं हेंच उघडपणें म्हटलें, तेव्हां त्यांच्यावर मात्र लोक रागावले. धनी म्हणतो "मला ठाऊक नाहीं", आणि उसनें घेणारा शपथ वाहतो!

मग ही समजूत आली कोठून? ती आली पेटीवरून. वाघनखाबरोबर एक पेटी आहे व तिच्यावर लेख आहे. त्याचा मतलब असा, कीं शिवाजीनें ज्यानें मोगल सेनापतीस ठार केलें तें हें वाघनख; ईडनचे जेम्स ग्रांट डफ हे साताऱ्यास रेसिडेंट असतां मराठ्यांच्या पेशव्याच्या मुख्य प्रधानानें त्यांस तें दिलें. मराठी चौथीच्या मुलानेंहि हा लेख वाचून थबकावें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं जो मारला गेला, तो अफझलखान विजापूरच्या आदिलशहाचा सरदार. मोगलांशीं त्याचा संबंध नव्हता. आणि 'पेशव्याचा मुख्य प्रधान' म्हणजे कोण? पेशवा हाच छत्रपतींचा मुख्य प्रधान. ज्या लेखांत मारला गेलेला कोण, व देणारा कोण, या दोन मूळ गोष्टींचाच घोळ आहे, त्याच लेखाच्या आधारावर शस्त्र कोणाच्या हातांत होतें याचा निकाल आम्ही लावतों! शिवाय १६५९ पासून ग्रांट डफ साताऱ्यास येईपर्यंत, म्हणजे १८१८ पर्यंत, जवळजवळ एकशेंसाठ वर्षें तें कोणाच्या घरीं होतें, तें पेटी सांगत नाहीं. त्या प्रसंगाच्या शस्त्रांविषयीं आमचीं स्वतःचीं जुनीं साधनेंहि एका सुरांत बोलत नाहींत. परमानंदाच्या 'शिवभारतां'त तरवारीचा वार पुढें येतो, तर सभासद बिचवा व वाघनख सांगतो. वाघनख हें कांहीं एकाच लोहारानें एकदांच घडविलेलें शस्त्र नव्हे. पण पेटीवर ग्रांट डफचें नांव आहे, आणि ग्रांट डफ म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा. तेव्हां त्याच्याजवळचें तें खरेंच असणार, असा हा न्याय.

येथें आम्हांस दुःख होतें तें निराळ्या कारणासाठीं. ग्रांट डफचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर चाळीसएक वर्षांनीं नीळकंठ जनार्दन कीर्तने नांवाच्या एका तरुण मराठी मनुष्यानें त्या ग्रंथावर टीका लिहून त्यांतील चुका दाखविल्या. तेव्हां राज्य इंग्रजांचें, विद्यापीठ त्यांचें, आणि ग्रंथकाराचें नांव विद्वानांत प्रमाण. कीर्तन्यांनीं नांव पाहिलें नाहीं. लिहिलेलें काय आहे तें पाहिलें. पुढें राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापावयास आरंभ केला, तो याच वाटेनें: बखर कोणाच्या का घरची असेना, अस्सल समकालीन पत्र काय सांगतें तें आधीं पाहा. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभें राहिलें, तेंहि याच आग्रहांतून. पारतंत्र्यांत ज्यांनीं ग्रांट डफच्या पुस्तकाची परीक्षा केली, त्यांच्या पणतवंडांनीं स्वातंत्र्यांत ग्रांट डफच्या पेटीस नमस्कार घालावा, हा प्रवास आम्हांस उलटा वाटतो.

यावर उत्तर ठरलेलें आहे: ही श्रद्धेची बाब आहे, तुम्ही पुस्तकी पंडित लोकांच्या भावनेस धक्का देतां. शिवाजी महाराजांविषयींची भक्ति आमच्याहि घरीं आहे, आणि ती चार पोलादी नखांवर टांगलेली नाहीं. प्रतापगडचा प्रसंग आमच्या व परक्यांच्या लेखांतून शाबीत आहे. वाघनख उद्यां खोटें ठरलें म्हणून अफझलखान जिवंत होत नाहीं. उलट, संशयित वस्तूवर भक्ति बसविणारा तिला धोक्यांत घालतो. आणि लोकांच्या भावनेची एवढी काळजी असेल, तर कांचेच्या पेटीखालीं मोठ्या मराठी अक्षरांत लंडनचेंच वाक्य लिहावयास हवें होतें. ज्या लोकांनीं चार चार तास रांगेंत उभे राहावें, त्यांना मालकाचें म्हणणें तरी कळूं द्यावें. लोक अडाणी आहेत, त्यांना खरें सोसावयाचें नाहीं, ही समजूत भावनेचा आदर नसून अनादर आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. तो असा, कीं प्रत्येकानें प्रत्येक वस्तु स्वतः तपासणें शक्य नाहीं. कोणावर तरी विश्वास ठेवलाच पाहिजे, आणि नांवलौकिक म्हणजे तरी विश्वासाची सांचलेली पुंजीच ना? हें आम्हांस मान्य आहे. वैद्यावर आपण विश्वास ठेवतोंच. परंतु ज्यानें आपलें कारण दाखविलें, त्याच्या नांवास आम्ही मान देतों. जो कारणाच्या जागीं नांव दाखवितो, त्याच्या नांवास नाहीं. कुळकथाहि आम्ही टाकून द्या म्हणत नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण उमटविलेली असते. तें पदक, पलटणीचें दप्तर व घरचीं पत्रें एकमेकांस जुळलीं, तर त्यासारखी दुसरी साक्ष नाहीं. तशी कुळकथा दुवा दुवा धरून तपासतां येते. आमचा राग आहे तो जिचे मधले दुवे गायब, आणि दोन्ही टोंकांस मात्र थोर नांवें, अशा कथेवर.

आमच्याच मुलखांतली एक गोष्ट सांगतों. सावंतवाडी-बांद्याच्या बाजूस मोठ्या अभिमानानें सांगतात, कीं महाराजांची भवानी तरवार ही मूळची फिरंगी. येथल्या सावंतांच्या हातीं ती पोर्तुगीजांकडून लागली व महाराजांनीं त्यांस तीनशें होन देऊन ती घेतली. लहानपणीं आम्हीहि ही गोष्ट छाती फुगवून सांगत होतों. तींत अशक्य असें कांहीं नाहीं. गोव्याच्या वाटेनें विलायती पातीं येत, म्हणून तर लांब सरळ पात्याच्या तरवारीस मराठींत 'फिरंग' हें नांव पडलें. परंतु नेमक्या याच कारणासाठीं तसलीं पातीं किती तरी होतीं, आणि पातें पोर्तुगीज आहे एवढ्यावरून कोणतीहि तरवार भवानी ठरत नाहीं. गोष्ट आमच्या गांवची आहे, म्हणून पुराव्याचा नियम तिला सैल करावा, असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या गांवकऱ्यांस वाटेल.

आतां याच्या उलट एक उदाहरण. २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडनच्या सदबीज् या लिलांवांत महाराष्ट्र सरकारनें नागपूरकर रघूजी भोसल्यांची तरवार सत्तेचाळीस लाख पंधरा हजार रुपयांस घेतली, आणि ऑगस्टांत ती मुंबईस आली. तीहि फिरंगच, पातें युरोपी घडणीचें. परंतु पात्याच्या पाठीवर सोन्यानें देवनागरींत रघूजी भोसल्यांचें नांव व 'सेनासाहेबसुभा' हा त्यांचा किताब घातलेला आहे. ती नागपुराहून लंडनास केव्हां व कशी गेली, तें निश्चित नाहीं. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटींत गेली असावी, हा तर्क आहे. म्हणजे कुळकथेंत येथेंहि खांड आहे. पण येथें पेटीस बोलावें लागत नाहीं. तरवार स्वतः बोलते. तिचें बोलणें खरें कीं खोटें, तें अक्षराच्या वळणावरून, सोन्याच्या कामावरून व पात्याच्या जातीवरून तपासतां येईल, आणि तपासावेंहि. कोरीव नांवहि मागाहून घालतां येतें. तरीसुद्धां वादाचा विषय वस्तु हा आहे, तिच्या मागील धन्याची पत हा नाहीं. या तरवारीपुढें रांग वाघनखाइतकी लांब नव्हती, हें सांगावयास नकोच.

एवढें सारें लिहून आम्ही पुन्हां काकींच्या डगल्याकडे येतों. त्याच्या बाबतींत आमचें म्हणणें काय? तो डगला त्यांच्या सासऱ्यांचाच, असें आम्ही शपथेवर सांगत नाहीं. पेटी व डगला एकाच घरांतले. पेटीवरचा क्रमांक पाहून कोणी डगल्यावर लिहूं शकतो, असें पाहुणे म्हणतील, आणि तो आक्षेप ऐकून घेतला पाहिजे. परंतु शाई लोकरींत मुरलेली आहे व अनेकदां धुतली गेली आहे. आंत कपड्याच्या मापाची चिठ्ठी शिवलेली आहे. बाणाची खूण व तिच्याखालचें अक्षर बोटाखालीं लागतें. शिवण सुताची आहे. डाव्या खांद्याची लोकर पट्ट्यानें झिजलेली आहे. आणि कसरीनें आपला शिक्का ठिकठिकाणीं उमटविलेला आहे. ज्या डगल्यावर आम्हीं पुण्यांत चार ओळी लिहिल्या, त्याच्यापेक्षां या डगल्याची साक्ष किती तरी पटींनीं बळकट आहे. फरक इतकाच, कीं त्याच्यामागें पुण्यांतील एक नांव होतें, आणि याच्यामागें बांद्याची एक म्हातारी. इटलींत मेलेल्या व इटलीहून परतलेल्या शेंकडों मराठी शिपायांचे कपडे आतांपर्यंत बोहारणींच्या बोचक्यांतून गेले. एखादा उरला, तर त्याला कागद विचारून पांचशें रुपयांवर बोळवावयाचें, आणि कोणा बड्या घराण्याच्या पेटींतून निघालेल्या चिंधीस कांचेंत ठेवावयाचें, ही आमची इतिहासाची आवड!

मराठा पलटणीचें केंद्र बेळगांवास आहे. आंबोलीचा घाट चढला, कीं दुपारपर्यंत तेथें पोंचतां येतें. त्या क्रमांकाचा शिपाई कोण, तो केव्हां भरती झाला व केव्हां सुटला, तें पलटणीच्या दप्तरांत सांपडूं शकतें, म्हणून काकींच्या नांवानें आम्हीं तिकडे अर्ज पाठविला आहे. अर्जांत डगल्यावरचे चार आंकडे व पेटीवरचा पुरा क्रमांक वेगवेगळे लिहिले आहेत, म्हणजे दोन्ही एकाच माणसाचे कीं काय हें तिकडच्यांनीं आमच्या सांगण्यावरून ठरवूं नये. पुण्याच्या गृहस्थांसहि एक पत्र लिहिलें आहे. त्यांत आमच्या त्या चार ओळींखालीं पांचाच्या आंकड्याविषयीं आणखी दोन ओळी लिहूं द्याव्या, अशी विनंति केली आहे. दोन्ही पत्रांचीं उत्तरें अद्यापि यावयाचीं आहेत.